उशीर म्हणजे घड्याळ

आईने घड्याळाला 'उशीर' म्हटलं. डावा हात भिंतीकडे करून, अगदी ठाम आवाजात. "तो उशीर बघ गं, बंद पडलाय." मी वळून पाहिलं. सेकंदकाटा एकाच जागी अडकून थरथरत होता. घड्याळ खरंच बंद पडलं होतं.

पक्षाघात होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. मेंदूच्या डाव्या भागातल्या आघाताने तिचा उजवा हात गेला आणि त्यासोबत नावं गेली. सगळं बोलणं गेलेलं नाही, हे कळायला आम्हाला थोडे दिवस लागले. वाक्यांचा सूर तोच होता. 'अगं', 'बाई गं', 'असू दे आता' हे सगळं जागच्या जागी होतं. वस्तूचं नाव यायची वेळ आली की मात्र ती थबकायची, डोळे बारीक करायची आणि नावाच्या शेजारचं काहीतरी उचलून पुढे करायची. चष्मा हवा असला की म्हणायची, "पेपर दे." पेपर हातात दिला की चिडायची. किल्ली म्हणजे 'बाहेर'. उशी म्हणजे 'झोप'. दार म्हणजे 'कोण'. रात्री निजानीज झाली की तिच्या खोलीतून हाक यायची, "कोण लावलंस का नीट?"

याला वाचाघात म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायच्या, चित्रांची कार्डं दाखवायच्या. मला त्यांनी एक काम नेमून दिलं. चुकलेला प्रत्येक शब्द वहीत लिहायचा, डावीकडे वस्तू, उजवीकडे आईचा शब्द. मी लिहू लागले. दुसरं पान अर्धं झालं तेव्हा माझा हात थांबला. ही यादी माझ्या ओळखीची होती. गेली वीस वर्षं मी ती वर्गात शिकवत आले होते.

मी साहित्य शिकवते. शब्दशक्तींचा भाग दर वर्षी येतो: अभिधा, लक्षणा, व्यंजना. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. सरळ अर्थ लागत नाही म्हणून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. आणि दोन्ही अर्थ होऊन गेल्यावरही जे मागे घुमत राहतं, ती व्यंजना. लक्षणेचं उदाहरण हजार वर्षांहून जुनं आहे. 'गंगायां घोषः', म्हणजे गंगेवर गवळीवाडा आहे. वाहत्या पाण्यावर वाडा वसणार कसा? म्हणून आपण 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घेतो. अकराव्या शतकात मम्मट या शास्त्रकाराने आपल्या काव्यप्रकाश या ग्रंथात याच्या तीन अटी नेमक्या मांडल्या आहेत. मूळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी काही संबंध पाहिजे, आणि असं बोलण्यामागे एक तर रूढी पाहिजे किंवा प्रयोजन पाहिजे. 'काठावर' असं सरळ न म्हणता 'गंगेवर' म्हटलं, कारण गंगेचा गारवा आणि तिचं पावित्र्य त्या वाड्याला द्यायचं होतं. काठ म्हटलं की ते दोन्ही निसटतं.

हे मी फळ्यावर लिहायचे, मुलं वहीत उतरवायची, परीक्षेत दोन गुणांना यायचं. 'सगळा वर्ग हसला' या वाक्यात भिंती हसत नाहीत, मुलं हसतात, हेही त्यांना पटायचं. त्यापुढे आम्ही कधी गेलो नाही.

आता आईच्या वाक्याला मी त्याच तीन अटी लावून पाहिल्या. 'उशीर बंद पडलाय.' मूळ अर्थ अडतो, कारण उशीर बंद पडत नाही. संबंध आहे, आणि तो फार दुखरा आहे: आईने जन्मभर घड्याळाकडे पाहिलं ते घाईतच, निवांत वेळ बघायला तिने मान वर केलेली मला आठवत नाही. तिच्या मनात त्या गोल वस्तूला चिकटून जे होतं, ते तिने दिलं. तिसऱ्या अटीपाशी मात्र मी अडले. रूढी नव्हतीच. प्रयोजन? 'गंगेवर' म्हणणाऱ्याकडे 'काठावर' हा शब्दही होता. तो त्याने बाजूला ठेवला. आईकडे 'घड्याळ' हा शब्द नव्हताच. तिने काही बाजूला ठेवलं नव्हतं, हाताला लागलं ते घेतलं होतं.

त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. अलंकार, शब्दशक्ती, प्रतिमा या सगळ्या गोष्टी मी इतकी वर्षं 'असतात' म्हणून शिकवत होते. ओळीत उपमा असते, श्लेष असतो, शोधा आणि अधोरेखित करा. पण ओळीत काय आहे, हे अर्धंच आहे. दुसरा शब्द हाताशी असताना कवीने हा घेतला, हे उरलेलं अर्धं. न घेतलेला शब्द ऐकू आल्याशिवाय घेतलेल्या शब्दाचं वजन कळत नाही. आईच्या 'उशीर'मध्ये मला चटका लावणारं सगळं होतं, कवितेत असतं तसंच. फक्त तिच्यामागे तो दुसरा शब्द उभा नव्हता.

रोमान याकोबसन या रशियात जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञाचा 1956 मधला निबंध मी विद्यार्थिदशेत वाचला होता, तो पुन्हा काढला. भाषेची दोन अंगं आणि वाचाघाताचे दोन प्रकार, असा त्याचा विषय. याकोबसन म्हणतो, बोलताना आपण दोन कामं एकदम करत असतो. एक निवडीचं: एकमेकांच्या जागी येऊ शकतील अशा अनेक शब्दांतून एक उचलायचा. दुसरं जोडणीचं: उचललेले शब्द एकापुढे एक लावून वाक्य उभं करायचं. काही रुग्णांची निवड ढासळते, जोडणी शाबूत राहते. ते सुरीला काटा म्हणतात, दिव्याला टेबल म्हणतात, म्हणजे जवळ असलेल्या वस्तूचं नाव देतात. काहींचं उलट होतं: वाक्य मोडतं, सुटे शब्द उरतात आणि ते साम्यावर चालतात. सूक्ष्मदर्शकाला दुर्बीण, गॅसच्या दिव्याला आग. पहिल्यांचं बोलणं सान्निध्याच्या वाटेने जातं, दुसऱ्यांचं सादृश्याच्या. याकोबसनने या दोन वाटा थेट साहित्यापर्यंत नेल्या. त्याच्या मते स्वच्छंदतावादी कविता सादृश्यावर जगते, वास्तववादी गद्य सान्निध्यावर. तोलस्तोयच्या नायिकेच्या आत्महत्येच्या प्रसंगी लेखकाची नजर तिच्या हातातल्या पिशवीवर जाते, हे उदाहरण त्याचंच.

वाचता वाचता मी मम्मटाकडे परतले, कारण तिथेही हीच फाळणी आहे. लक्षणेचे दोन मोठे भाग: सादृश्यावर उभी ती गौणी, इतर कुठल्याही संबंधावर उभी ती शुद्धा. 'भाले आत शिरले' म्हणजे भालेवाले आत शिरले, ही शुद्धा. कुणाला बैल म्हटलं की गौणी. एकाने रुग्णांच्या नोंदी चाळून जी रेघ ओढली, तीच दुसऱ्याने नऊशे वर्षं आधी वाक्यं तपासून ओढली होती. माझी आई त्या रेघेच्या एका बाजूला बसून चष्म्यासाठी पेपर मागत होती.

'अलंकार' या शब्दाने आपलं थोडं नुकसान केलं आहे असं मला वाटतं. अलंकार म्हटलं की दागिना डोळ्यांपुढे येतो, आणि दागिना काढून ठेवता येतो. त्यामुळे मुलांना वाटतं, कवीला साधी गोष्ट सांगायची होती, ती नटवून सांगितली. पण त्या शब्दातलं 'अलम्' म्हणजे पुरेसं, समर्थ. अलंकार म्हणजे पुरेसं करणं. साध्या शब्दांत जे पुरं पडत नव्हतं ते पुरं पाडणं, असं मी आता वर्गात सांगते, आणि सांगताना माझा आवाज थोडा चढतो, कारण हे मला मनापासून पटलेलं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी ते वाढवत शंभराच्या वर नेले. या वाढीला अनेकजण हसतात. मीही शिकत असताना कंटाळले होते. आता तसं वाटत नाही.

का वाटत नाही, ते आईच्या हातावरून सांगते.

तिचा उजवा हात पांघरुणावर पडलेला असायचा. तळवा वर, बोटं किंचित वळलेली. मी बाजूला बसून पाहत राहायचे. तो हात गळलेल्या पानासारखा आहे, असं मनात आलं. ही उपमा. शास्त्रात तिची चार अंगं सांगतात: ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, 'सारखा' हा साम्य दाखवणारा शब्द, आणि दोघांत समान असलेला गुण, म्हणजे साधारण धर्म. माझ्या वाक्यात चौथं अंग नव्हतं. पानासारखा म्हणजे कसा? हलका? सुकलेला? झाडापासून तुटलेला? एखादं अंग गाळलं की तिला लुप्तोपमा म्हणतात. हा प्रकार मी वर्षानुवर्षं एका ओळीत उरकत असे. खरं तर गाळलेल्या त्या अंगाच्या जागीच वाचकाला बसायला जागा मिळते.

'हात जणू गळलेलं पान' म्हटलं की उत्प्रेक्षा. उपमेत मी दोन वस्तू शेजारी ठेवून मोजत होते (उपमा या शब्दातला 'मा' मोजण्याचाच आहे), इथे मी कल्पनेने एक पाऊल टाकलं. 'हाताचं पान पांघरुणावर पडलं होतं' म्हटलं की अंतरच गेलं, रूपक झालं. ग्रीकांनी रूपकाला दिलेल्या नावाचा अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेणं असा आहे, आणि आजच्या ग्रीक भाषेत मालवाहतुकीलाही तोच शब्द चालतो. आपल्या शब्दात वाहून नेणं नाही, रूप देणं आहे. 'हा हात नव्हेच, हे पान आहे' म्हटलं की अपन्हुती, म्हणजे खरं लपवणं. समोरचं बघवत नाही म्हणून माणूस ते नाकारतो, त्या नाकारण्यालाही या शास्त्रात नाव आहे. 'हा हात म्हणू की पान?' असा मनाचा हेलकावा, तो ससंदेह. 'पानसुद्धा इतकं निमूट पडत नाही' म्हणून उपमानालाच मागे सारलं, तो व्यतिरेक.

आणि भ्रांतिमान. एक वस्तू खरोखरच दुसरी समजून तसं वागणं. हा अलंकार मला नेहमी कृत्रिम वाटायचा. इतकी चूक कुणाची होते? एका रात्री आईने झोपेत कूस बदलली, डाव्या हाताला स्वतःचाच उजवा हात लागला, तिने तो हळूच बाजूला सारला आणि म्हणाली, "सरक गं जरा." तिला वाटलं, मी शेजारी झोपले आहे. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर जागी होते.

शास्त्रकारांनी याद्या वाढवल्या त्या हौसेने नाही, असं त्या रात्रीपासून वाटतं. दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात तेव्हा माणसाच्या मनाचं काय काय होतं, याचा तो हिशोब आहे. मोजणं, कल्पिणं, एक करून टाकणं, नाकारणं, घोटाळणं, फसणं. नावं वेगळी आहेत कारण मनाची स्थिती दर वेळी वेगळी आहे. 'सारखा' आला की उपमा, 'जणू' आला की उत्प्रेक्षा, अशी शब्दांची खूण धरून ओळखायला आपण शिकवतो. परीक्षेला ते चालतं. पण त्यात मन कुठे होतं ते विचारायचं राहूनच जातं.

या यादीत एक अलंकार अगदी टोकाला आहे. अनन्वय. ज्याला दुसरी उपमाच सापडत नाही, म्हणून त्याची तुलना त्याच्याशीच करायची. आईचा हात आईच्या हातासारखा. माझ्याकडून पुढे सगळी पानं गळून गेली आणि हेच उरलं.

पारखण्याची एक जुनी रीत आहे, ती मात्र शिकवायलाच हवी असं माझं मत आहे. शब्द बदलून पाहायचा. त्याच अर्थाचा दुसरा शब्द घातला आणि गंमत गेली, तर तो शब्दालंकार. राहिली, तर अर्थालंकार. मित्राच्या उदयाने आनंद होतो, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं श्लेषाचं उदाहरण घ्या. मित्र म्हणजे सखा आणि मित्र म्हणजे सूर्यही. 'मित्र'च्या जागी 'सूर्य' घाला, सखा नाहीसा होतो. म्हणजे इथे सगळी जादू त्या एका शब्दाच्या अंगात आहे. उलट 'पानासारखा हात'मध्ये 'पान' काढून 'पर्ण' घाला. नाद बदलतो, थोडं पोशाखी वाटतं, पण उपमा टिकते. वर्गात मी आता ओळखायला सांगायच्या आधी बदलायला सांगते. प्रत्येकाने एक ओळ घ्यायची, एक शब्द काढून दुसरा घालायचा आणि काय गेलं ते सांगायचं. एका मुलीने एका कवितेतला 'अंधार' काढून 'काळोख' घातला आणि पाच मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, काळोखात कुणीतरी असतं." तिला कुठल्याही संज्ञेची गरज पडली नाही, पण संज्ञा जिथे नेते तिथे ती पोचली होती.

आईला हेच करता येत नव्हतं. समानार्थी शब्द सांग म्हटलं की ती माझ्याकडे बघत राहायची. थेरपिस्ट विचारायच्या, "याला अजून काय म्हणतात?" आणि ती मान हलवायची. याकोबसनने लिहिलंच आहे, निवड ढासळलेल्या माणसाला एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. साहित्याच्या अभ्यासाची सगळी मदार ज्या एका हालचालीवर आहे, ती तिच्या मेंदूतून पुसली गेली होती.

पण आपण सगळेच पुष्कळदा बोलतो ते रूपकांतच, आणि निवड केल्याचं आपल्या ध्यानीही नसतं. शब्द द्यायचा, शब्द पाळायचा, शब्द टाकायचा, शब्द फिरवायचा, शब्दाला जागायचं: एवढ्याशा शब्दाला आपण वस्तू केलं, ओझं केलं, धनी केलं. वेळ काढतो, वेळ घालवतो, वेळ मारून नेतो. लेकॉफ आणि जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी 1980 मध्ये दाखवून दिलं की रूपकं फक्त कवितेत राहत नाहीत, ती आपल्या विचाराच्या मुळाशी असतात. झिजलेली रूपकं म्हणून ती दिसत नाहीत, एवढंच. चांगला कवी पुष्कळदा नवं रूपक शोधतच नाही, झिजलेलंच उजेडात धरतो. 'डोळा लागला' हे आपण रोज म्हणतो. कुठे लागला, कशाला लागला, असं एकदा विचारून पाहा.

बाकीच्या संज्ञांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे माझं म्हणणं एवढंच आहे की त्या जपून वापराव्यात. प्रतिमा आणि प्रतीक यांची सरमिसळ सर्वांत जास्त होते. इंद्रियांना जाणवेल असं शब्दचित्र ती प्रतिमा. खिडकीच्या काचेवर ओघळणारा थेंब लिहिला की प्रतिमा झाली, त्याला आणखी काही असण्याची सक्ती नाही. तोच थेंब लिखाणात पुन्हा पुन्हा येऊन स्वतःपेक्षा मोठं काही पेलू लागला, तर तो प्रतीक होतो. ते मोठेपण त्याला कृतीने मिळवावं लागतं, आपण बाहेरून चिकटवून चालत नाही. पांढरं कबूतर दिसलं की शांती, काळा ढग दिसला की संकट, असं लिहिणाऱ्या उत्तरपत्रिका वाचताना मला वाईट वाटतं. मुलांचा दोष नसतो. आपणच त्यांना कोश पाठ करायला दिला. गद्याच्या बाजूने निवेदक ही संज्ञा मला फार मोलाची वाटते. कथा सांगणारा म्हणजे लेखक नव्हे, हे एकदा कळलं की वाचनच बदलतं. वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने 1961 मध्ये 'अविश्वसनीय निवेदक' असं नाव दिल्यावर आधीच्या कितीतरी गोष्टी लोकांनी परत उघडून वाचल्या. नाव मिळाल्यावर दिसू लागतं, ही संज्ञांची खरी कमाई.

आता व्यंजना. इथे थोडं थांबायचं आहे.

'गतोऽस्तमर्कः'. सूर्य मावळला. एवढंच वाक्य. भामह या जुन्या शास्त्रकाराने ते पुढच्या दोन तुकड्यांसह दिलं आहे: सूर्य मावळला, चंद्र झळकतो आहे, पाखरं घरट्याकडे चालली आहेत. आणि विचारलं, याला काय काव्य म्हणायचं? ही नुसती वार्ता, बातमी. दंडी या दुसऱ्या शास्त्रकाराने तीच ओळ घेतली आणि म्हटलं, काळाची स्थिती सांगायची असेल तर हेही चांगलंच आहे. एका ओळीवर दोन थोर माणसांचं असं एकमेकांविरुद्ध मत. पुढे नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनीचा विचार मांडला, सांगितलेल्या अर्थापलीकडे सुचवलेला अर्थ हाच काव्याचा आत्मा म्हटला. आणि मम्मटाने तो धागा पकडून तीच ओळ पुन्हा समोर ठेवली. सूर्य मावळला, हे कोण कोणाला म्हणतंय? सेनापतीला म्हटलं तर शत्रूवर झडप घालायची वेळ झाली. सखीने नायिकेला म्हटलं तर प्रियकर येतच असेल. कामकऱ्याने सोबत्यांना म्हटलं तर आता काम थांबवू. गुराख्याला म्हटलं तर गाई घरी आण. बाहेर निघालेल्याला म्हटलं तर लांब जाऊ नकोस. उन्हाने शिणलेल्याला म्हटलं तर आता ताप नाही. विक्रेत्याला म्हटलं तर माल आवर. आणि वाट पाहणारी स्वतःशीच म्हणाली तर, अजून नाही आला तो.

अभिधेचा अर्थ सगळ्यांना एकच, सुचवलेला अर्थ माणसागणिक निराळा. मम्मटाचा मुद्दा असा की जो अर्थ असा बदलत राहतो तो शब्दाच्या कोशात नाही, म्हणून त्याला वेगळी शक्ती मानावी लागते. ही माझी सर्वांत आवडती जागा आहे. भामहाला जी कोरडी बातमी वाटली, तिच्यात एवढी माणसं उभी होती.

संध्याकाळ तिकडेही आहे. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात प्रमाणावर उभ्या असलेल्या रूपकाचं उदाहरण दिलं आहे: आयुष्याला म्हातारपण तशी दिवसाला संध्याकाळ, म्हणून संध्याकाळला दिवसाचं म्हातारपण म्हणता येईल. चार पदांचं त्रैराशिक. हे वाचून वर्गात एकाने मला विचारलं होतं, "मग म्हातारपणानंतर पहाट का नाही?" मी त्याला म्हटलं, रूपक किती अंतरापर्यंत चालायचं ते आपण ठरवायचं असतं. उत्तर बरोबर होतं, पण पुरेसं नव्हतं.

साडेचार महिन्यांनी आईला 'घड्याळ' परत मिळालं. कार्डावरचं चित्र पाहून तिने सरळ, न अडखळता सांगितलं. थेरपिस्टनी टाळी वाजवली. आई हसली. मी वहीत त्या रकान्यात तारीख लिहिली आणि मला इतका आनंद झाला की उठून आत जाऊन डोळे पुसून आले. मग एकेक करून चष्मा आला, उशी आली, दार आलं. 'कोण' कधी गेलं ते कळलंही नाही. वही पूर्ण भरली नाही, शेवटची काही पानं कोरीच आहेत. मी ती जपून ठेवली आहे. वर्गात लक्षणा शिकवताना कपाटातून काढून नेते, उघडत नाही, नुसती टेबलावर ठेवते.

परवा संध्याकाळी ती खिडकीपाशी बसली होती. मी आत उत्तरपत्रिका तपासत होते. तिने हाक मारली.

"अगं, ऊन गेलं."

मी लाल पेन ठेवून आले. आता तिच्याकडे शब्द होते. ज्या अर्थी तिने हे निवडलं होतं, त्या अर्थी काहीतरी हवं होतं.

"दिवा लावू का, आई?"

तिने मान हलवली. नको.

"खिडकी लावू? गार लागतंय?"

नाही.

"गोळी राहिलीय का? की आडवं व्हायचंय?"

नाही. नाही. ती थोडी वैतागली. डाव्या हाताने तिने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि पुन्हा बाहेर बघत म्हणाली, "ऊन गेलं गं. तेच सांगतेय."

मी बाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या वरच्या गच्चीवर थोडासा पिवळा पट्टा उरला होता, तो बघता बघता विझला. दोन पाखरं एका दिशेने गेली.

"हो," मी म्हटलं, "गेलं."

खुर्ची ओढून मी तिच्या शेजारी बसले.